देवांच्या लफड्यांचे पोतनीस

पोतनीस सरांना देवांबद्दल बोलताना पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, हे आपल्याच ब्लॉकमधल्या कुणाविषयी तरी बोलताहेत.

"ज्युपिटररावांचं काय सांगू तुला! बायको घरात, आणि हा गृहस्थ कधी बैल होऊन समुद्रकिनारी, कधी हंस होऊन तळ्याकाठी. एकदा तर ढग झाला. ढग! अगं, प्रेमात पडून माणूस बावळट होतो हे ठाऊक होतं, पण ओलासुद्धा होतो हे नवीन!"

हे सगळं लिफ्टमध्ये, खणखणीत आवाजात. लिफ्टमध्ये दुसरं कुणी मराठी नसायचं, ही त्यांची मोठीच सोय होती. भाजीची पिशवी घेऊन उभी असलेली चिनी आजी आमच्याकडे टकामका बघायची, आणि सर तिला मान लवून आदबीने हसायचे, जणू काही आत्ताच हवापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या.

दोन हजार बारा-तेराच्या सुमाराची ही गोष्ट. मी आणि माझा नवरा सिंगापुरात तोआ पायोहला एका जुन्या ब्लॉकमध्ये भाड्याने राहत होतो. दोघांचीही नोकरी वन-नॉर्थ भागात, संगणकासमोर. शेजारच्या दारावर 'वि. गो. पोतनीस' अशी मराठी पाटी दिसली तेव्हा मला आनंद झाला आणि नवऱ्याला धास्ती वाटली. परदेशात मराठी शेजारी म्हणजे साखर उसनी आणि सल्ला फुकट, असा त्याचा आधीचा अनुभव होता. पण सर साखर मागायला आले नाहीत. पहिल्याच रविवारी बेल वाजली, दार उघडलं तर साठीला टेकलेले, किडकिडीत, अंगात काळ्या डागांनी भरलेला एप्रन घातलेले एक गृहस्थ उभे. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"जुनी सुती साडी आहे का हो घरात? जितकी जुनी तितकी बरी. नेसायला नको, पुसायला हवी आहे."

मी आईची एक विरलेली साडी दिली. त्यांनी ती दोन बोटांत चुरगाळून पाहिली आणि त्यांचा चेहरा असा काही खुलला की मला आईचा अभिमानच वाटला. "वा! काय धुतलीय! अशी साडी दुकानात मिळत नाही. ती संसारात पिकवावी लागते."

त्या साडीचं पुढे काय झालं ते त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. सर एका कला महाविद्यालयात ठसे काढायला शिकवायचे. तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीने चित्र कोरायचं, त्या रेघांत शाई भरायची, वरची शाई जुन्या मऊ कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसून काढायची, आणि मग ओलसर कागद वर ठेवून पत्रा यंत्रातून काढायचा. हे यंत्र त्यांनी घरातल्या बेडरूममध्ये बसवलं होतं. दिसायला थेट उसाच्या रसाचा चरक. घरमालकाला ते व्यायामाचं यंत्र आहे असं सांगून ठेवलं होतं, आणि घरमालक आला की सर त्याचं चाक दोन-तीनदा फिरवून धापा टाकून दाखवायचे. स्वतः झोपायचे बाहेर सोफ्यावर. त्यांचे तळहात कायम काळे असत, म्हणून लिफ्टचं बटण ते कोपराने दाबत आणि ओळखीच्या माणसालाही लांबूनच नमस्कार करत. कितीतरी लोकांना ते फार सोवळे वाटायचे. सोवळे आणि पोतनीस सर! तेवढाच एक आरोप त्यांच्यावर करता आला नसता.

कारण त्यांचा खरा जीव होता तो पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या ठशांवर. आणि त्यातही देवांच्या प्रेमप्रकरणांवर. व्हीनस म्हणजे त्यांची व्हीनसबाई. तिचा मुलगा क्युपिड म्हणजे 'ते कार्टं'. अपोलो म्हणजे 'दिसायला राजबिंडा पण प्रेमात कायम नापास'. हे सगळे रोमन देव तेव्हाच्या कोरणाऱ्यांनी इतक्या हौसेने का कोरले, याचं सरांचं स्वतःचं उत्तर होतं.

"हे बघ, रंगीत चित्र राजाचं. ते भिंतीवर लागतं, त्याला पाहुणे बघतात, बिशप बघतो. ठसा मात्र कपाटाच्या खणात बसतो. वाण्याला परवडतो, विद्यार्थ्याला परवडतो. मग वाण्याला काय बघायचं असतं? तुला सांगतो, माणसाला कुठल्याही काळात तेच बघायचं असतं. पण नुसता बाप्या नि बाई काढली तर बोंबाबोंब. तेच खाली 'मार्स आणि व्हीनस' लिहिलं की झाली संस्कृती! त्यावर कळस म्हणजे दोन ओळी लॅटिनमध्ये, की बाबांनो, मोहापासून सावध राहा. खाली सुविचार, वर चावटपणा. पाचशे वर्षं हा धंदा चाललाय."

महाविद्यालयात शनिवारी दुपारी हौशी लोकांसाठी त्यांचा वर्ग असे. मी तिथे जायला लागले. दहा-बारा जण होतो. त्यात निवृत्त बस ड्रायव्हर लिम अंकल होते, दोन तरुण चिनी मुली होत्या, एक तमिळ डॉक्टर होते. सगळ्यांना सर एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगत. ठसा उलटा येतो. पत्र्यावर जे डावीकडे कोराल ते कागदावर उजवीकडे येणार. म्हणून आधी चित्र उलटं काढा, मग कोरा. प्रत्येकाच्या टेबलावर त्यांनी एकेक छोटा आरसा ठेवला होता. तरीही लिम अंकलनी आपल्या जुन्या बसचा नंबर सुलटा कोरला, आणि ठशात तो उलटा आला, तेव्हा सर पुढचे दोन शनिवार त्यांना "अंकल, युअर बस गोइंग बॅकवर्ड" म्हणत होते. "चूक करायची तर कागदावर करा," ते म्हणत, "कागद विसरतो. तांबं विसरत नाही."

आता बाईंबद्दल सांगायला हवं, कारण बाई आल्यानंतरचे सर हे वेगळंच प्रकरण होतं.

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष दामले यांनी एका दिवाळीला सरांना भाषणाला बोलावलं. दामले बँकेत मोठे अधिकारी. कार्यक्रमात काय असावं यापेक्षा काय नसावं याची त्यांना फार काळजी. "सर, विषय छान आहे, पण फॅमिली ऑडियन्स आहे. ते जरा... झाकून घ्या." सरांनी झाकलं. प्रत्येक चित्रावर त्यांनी स्वतः कंप्युटरवर जांभळे चौकोन बसवले. मी मदत करू का विचारलं तर म्हणाले, "मला येतं. मी अॅनिमेशन शिकलोय."

तेच नडलं. चित्र पडद्यावर यायचं, व्हीनसबाई जांभळ्या चौकोनात अगदी सालस उभी असायची, सर पुढे जाण्यासाठी बटण दाबायचे, आणि चौकोन गिरकी घेऊन पडद्याबाहेर उडून जायचा. दुसऱ्या चित्रातही तेच. तिसऱ्यापर्यंत सभागृहातली सगळी मंडळी बटणाचीच वाट बघायला लागली होती. दामले पहिल्या रांगेत घाम पुसत होते.

तेवढ्यात पुढे सतरंजीवर बसलेल्या पोरांतून एक पाच वर्षांची मुलगी उभी राहिली. "अंकल, why she never wear clothes ah?"

सर क्षणभरही थांबले नाहीत. "Because she is goddess. Goddess no need laundry."

"So good," ती मुलगी म्हणाली आणि खाली बसली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरल्यावर मागून एक स्पष्ट, सावकाश आवाज आला. "मला एक शंका आहे. या चित्रात ते मूल बाण मारतंय. त्याचा हात या कोनात, धनुष्य असं वर. हा बाण त्या माणसाच्या डोक्यावरून जाईल. त्याला लागणं शक्य नाही."

बोलणाऱ्या होत्या त्या मुलीच्या आजी, मालती करंदीकर. पुण्यात शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांची मुलगी अनघा माझ्याच ऑफिसात होती. तिचं घर सेंगकांगला. नात रेवा सांभाळायला बाई सिंगापूरला येऊन राहिल्या होत्या. शाळेची सवय इतकी की आम्ही सगळेच त्यांना बाई म्हणायचो.

सर पडद्याजवळ गेले. बाण बघितला. कोन बघितला. त्या चित्रावर ते कित्येक वर्षं शिकवत होते. मग वळून म्हणाले, "बाई, खरंच की हो! म्हणजे हा माणूस बाण न लागताच प्रेमात पडला?"

"ते तुम्ही बघा," बाई म्हणाल्या. "मी फक्त कोनाचं सांगितलं."

पुढच्या शनिवारी बाई वर्गात दाखल झाल्या. अनघाला वाटलं, आईला विरंगुळा झाला. विरंगुळा आईला कमी आणि सरांना जास्त झाला. दोन आठवड्यांत त्यांच्या एप्रनखाली इस्त्रीचा शर्ट दिसायला लागला. नखं घासून घासून गुलाबी करायचा प्रयत्न सुरू झाला, तो अर्थातच फसला. पण सगळ्यांत मोठी गोष्ट कॉफीची. सरांची कॉफी म्हणजे कंडेन्स्ड मिल्क घातलेली, चमचा उभा राहील इतकी गोड. वर्ग सुटला की आम्ही खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्यापिण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, बसायचो. बाईंना मधुमेह, त्यामुळे त्या 'कोपी-ओ कोसोंग' मागायच्या, म्हणजे बिनदुधाची, बिनसाखरेची, निव्वळ कडू. एके दिवशी सरांनीही तीच मागितली. स्टॉलवाली हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, "Uncle, you sick ah?"

"No, no. Healthy lifestyle," सर म्हणाले. पहिल्या घोटाला त्यांचा चेहरा एरंडेल घेतल्यासारखा झाला, पण कप त्यांनी संपवला. त्यानंतर त्यांनी गोड कॉफी माझ्यासमोर कधी घेतली नाही.

वर्गात दोघांची जुंपायची. सर गोष्ट सांगायचे आणि बाई तिच्यातली गळती दाखवायच्या. मधमाशी चावली म्हणून क्युपिड रडत आईकडे येतो आणि व्हीनस म्हणते, तुझे बाण याहून जास्त झोंबतात, ही गोष्ट सरांनी डोळे मिटून रंगवली, तेव्हा बाई म्हणाल्या, "आईने आधी काटा काढायला हवा होता. बोधामृत नंतर." लिम अंकल मला विचारायचे, "What she say?" आणि मी सांगितलं की मांडीवर थाप मारून हसायचे. सर तर प्रत्येक हरलेल्या वादानंतर अधिकच ताजेतवाने दिसायचे.

हे प्रकरण कुठवर गेलंय ते मला पुढच्या वर्षी गणपतीत कळलं.

त्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेवर सरांचा ठसा छापायचा ठरलं. दिवाळीच्या भाषणात झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून सरांनीच ते काम अंगावर घेतलं होतं. गणपती सुरेख कोरला. सोंडेवरची एकेक वळी, मोदक, पायाशी उंदीर. ठसा काढला, वाळवला, स्कॅन केला, छापखान्यात पाठवला. पत्रिका घरोघरी पोचल्या, आणि त्याच दुपारी दामल्यांचा फोन आला. गणपती उजव्या सोंडेचा झाला होता.

उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक. त्याचं सोवळं, त्याचा नैवेद्य, त्याचे नियम सांभाळायचे तर भल्याभल्यांची तारांबळ उडते. म्हणून घरोघरी बसवतात तो डाव्या सोंडेचा. सरांनी पत्र्यावर तो डाव्या सोंडेचाच कोरला होता. सुलटा. लिम अंकलच्या बससारखा. ज्या माणसाने आम्हाला आरसे वाटले, त्याने स्वतः आरसा पाहिला नव्हता.

दामल्यांच्या काँडोमध्ये तातडीची बैठक भरली. सर मान खाली घालून बसले होते. बाईंना कुणी बोलावलं नव्हतं, त्या अनघाबरोबर आल्या. दामले अगदी रडकुंडीला आले होते. "लोकांचे फोन येताहेत. म्हणे दहा दिवस कडक सोवळं पाळायला हवं. कोण पाळणार? पहाटे ओल्या वस्त्रानं पूजा कोण करणार?"

"तुम्ही अध्यक्ष ना?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"अहो, पण मला सकाळी साडेआठला मीटिंग असते!"

"मग मूर्ती कुठल्या सोंडेची आणलीत?"

"डाव्या."

"पूजा मूर्तीची करणार की पत्रिकेची?" बाईंनी पर्समधून छोटा आरसा काढला, पत्रिका त्याच्यासमोर धरली आणि आरसा दामल्यांपुढे केला. "आता बघा. झाली डावी? ज्यांचे फोन येतील त्यांना सांगा, आरशात बघा म्हणावं. घरात आरसा सगळ्यांकडे असतो."

दामल्यांनी आरशात पाहिलं आणि नकळत हात जोडले. मग सगळेच हसत सुटले आणि बैठक चहावर संपली. परत येताना एमआरटीच्या फलाटावर बाईंनी सरांना विचारलं, "पण तुमच्याकडून अशी चूक झाली कशी?"

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

सर फलाटावरच्या नकाशाकडे बघायला लागले. सगळी स्टेशनं त्यांनी वाचून काढली. गाडी आली, बाई आणि अनघा चढल्या, दारं बंद झाली, तरी त्यांचं वाचन चालूच होतं. मी म्हटलं, "सर, त्या गेल्या." तेव्हा ते कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. मला त्या क्षणी त्यांची इतकी माया वाटली की चिडवायचं माझ्या मनात आलं तरी मी चिडवलं नाही. निदान त्या दिवशी नाही.

चिडवलं ते पुढच्या आठवड्यात. सर उसळून म्हणाले, "हो, आहे तसं. पुढे?"

"पुढे बोला ना त्यांच्याशी."

"आणि लोक? दामले? अनघाचे सासू-सासरे? मला हसले तर मला चालतं, मी जन्मभर हसंच करून घेतलंय. बाईंना कुणी हसलेलं मला चालणार नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि नाही म्हणाल्या तर शनिवारसुद्धा जाईल."

भीती ही होती. आणि वेळही फार नव्हता. जानेवारीपासून रेवा पहिलीत जाणार, दिवसभर शाळा. बाईंचं इथलं काम संपलं, डिसेंबरचं पुण्याचं तिकीट काढून झालं होतं. त्याआधी सर बोलणार की नाही, हा एकच प्रश्न आमच्या वर्गात उरला होता. लिम अंकलसुद्धा मला दर शनिवारी भुवया उडवून विचारायचे आणि मी मान हलवायचे.

सरांनी प्रयत्न केला नाही असं नाही. पण तो देवांच्या आडून. एकदा कॉफी घेताना ते बाईंना ऋतूंच्या देवाची गोष्ट सांगायला लागले. तो बागेच्या देवीवर भाळला, पण सरळ जायचं धाडस होईना, म्हणून म्हातारीचं सोंग घेऊन तिच्याकडे गेला आणि तासभर स्वतःचीच शिफारस करत बसला, की तो अमुक देव आहे ना, फार चांगला मुलगा आहे हो. सर सांगता सांगता स्वतःच घामाघूम झाले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मग आपल्याच रूपात का नाही गेला? तेवढा वेळ तरी वाचला असता."

"शेवटी गेला," सर म्हणाले.

"मग?"

"मग झालं सगळं ठीक."

"बघा," बाई म्हणाल्या आणि कप उचलून ठेवायला गेल्या. आता याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं? पण सर आपल्या कडू कॉफीत बघत बसले. मी टेबलाखालून पाय मारला, तो लिम अंकलना लागला.

नोव्हेंबरच्या शेवटी एका संग्रहालयात युरोपातून जुने ठसे प्रदर्शनाला आले. सरांनी सगळ्या वर्गाला नेलं. त्या दिवशी ते लग्नघरातल्या यजमानासारखे इकडून तिकडे धावत होते. "ही रेघ बघा. या रेघेला पाचशे वर्षं झालीत आणि अजून थरथरतेय." फिरत फिरत आम्ही एका ठशासमोर आलो. पलंगावर व्हीनस आणि युद्धाचा देव मार्स एका बारीक जाळ्यात अडकलेले. ते जाळं विणणारा तिचा लोहार नवरा बाजूला. आणि वर ढगांत, खाली दारात, जिकडे तिकडे जमलेले देव, बोटं दाखवून खदाखदा हसणारे.

सरांनी इंग्रजीत गोष्ट सांगितली. नवऱ्याने त्या दोघांना असं पकडलं आणि सगळ्यांना तमाशा बघायला बोलावलं. नेहमी या गोष्टीला ते स्वतः सगळ्यांत जास्त हसत. त्या दिवशी हसले नाहीत.

बाई चष्मा वर करून काचेशी नाक नेऊन बघत होत्या. त्या मराठीत म्हणाल्या, "सगळे हसताहेत. हा एक पंखांच्या टोपीवाला का नाही हसत?"

"तो मर्क्युरी. त्याला अपोलोने विचारलं, काय रे, असं जाळ्यात सापडून सगळ्या देवांसमोर तुझं हसं झालं तर तुला चालेल? तो म्हणाला..." सर अडखळले. "तो म्हणाला, याच्या तिप्पट दोर असू दे. सगळे देव बघू देत, देवीसुद्धा बघू देत. ती शेजारी असेल तर मला चालेल."

बाई काचेपासून मागे झाल्या.

"बाई," सर म्हणाले, आणि त्या शांत दालनात त्यांचा लिफ्टमधला आवाज लागला, "माझंही तसंच आहे. तुमच्याबद्दल. तुम्हाला चालत असेल तर."

पहारेकरी वळून बघायला लागला. लिम अंकलनी माझा दंड धरला. "What he say? What he say?" मी कुजबुजत सांगितलं. "Wah!" ते म्हणाले. "Then auntie say what?"

बाईंनी वर केलेला चष्मा खाली घेतला. मग म्हणाल्या, "सर, आवाज हळू. संग्रहालय आहे." आणि पुढच्या चित्राकडे चालायला लागल्या.

"She say softer," मी लिम अंकलना सांगितलं. त्यांचा चेहरा सरांहूनही पडला.

उत्तर काही आलं नाही. बाई त्यानंतरच्या शनिवारीही वर्गाला आल्या, कोन तपासले, कडू कॉफी प्यायल्या आणि ठरल्या तारखेला पुण्याला गेल्या. विमानतळावर सर लांब ट्रॉलींच्या रांगेजवळ उभे राहिले आणि लांबूनच नमस्कार करून परत आले. त्यानंतर कितीतरी दिवस भिंतीपलीकडून त्या चरकाचा आवाज आला नाही. एरवी त्या आवाजाला कंटाळणारा माझा नवरासुद्धा एकदा म्हणाला, "जाऊन बघून ये ना, बरे आहेत का."

मी गेले. सर सोफ्यावर बसून कोरणीला धार लावत होते. धार कधीच लागून झाली होती. "शनिवार गेला बघ," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. देवांच्या इतक्या गोष्टी त्यांच्याकडून ऐकल्या होत्या, पण त्यातली एकही माझ्या कामाला आली नाही.

जानेवारीत एक दिवस अनघा माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली. चेहरा रडवेला की हसरा ते तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. "आईने पोतनीस सरांना पुण्याला बोलावलंय. म्हणाली, तिथे महिनाभर एकटी राहून बघितलं, शनिवार जात नाही. आता समोर बसवून त्यांना काही प्रश्न विचारणार आहे. तोंडी परीक्षा!"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, आई, लोक हसतील गं. तर म्हणते, हसू देत, त्यांच्या आयुष्यात तरी दुसरी करमणूक काय आहे!" आणि अनघा डोळे पुसत हसायलाच लागली.

त्याच संध्याकाळी सर माझ्याकडे किल्ली द्यायला आले. कोपराने बेल वाजवली. "तुळशीला पाणी घाल. पुण्याला जातोय." कशाला, असं मी मुद्दामच विचारलं. "हातकागद आणायला," म्हणाले, आणि मी हसायला लागले तसे म्हणाले, "शेजारीण, एक सांग. बाई भूमिती विचारतील का गं?"

महिनाभर तरी दार बंद होतं. मी पाणी घालत होते. पुण्यात काय झालं ते अनघा सांगेना. "आईने शपथ घातलीय," एवढंच म्हणायची. मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. आमच्या ब्लॉकला धुणं वाळत घालायला खिडकीबाहेर बांबूचे दांडे असतात. एकेका दांड्यावर एकेका घराचं सगळं गुपित लटकत असतं. माझा फोन वाजला. दामले होते. ते आमच्या खालच्या मार्केटात मासळी घ्यायला आले होते.

"अहो, मी खाली उभा आहे. तुमच्या शेजारच्या खिडकीतून ती साडी कुणाची लोंबतेय?"

मी वाकून बघितलं. सरांच्या खिडकीतून दांडा बाहेर आलेला, त्यावर त्यांचा डागाळलेला एप्रन, दोन शर्ट, आणि शेजारी लांबच्या लांब पसरलेली हिरवी इरकली साडी. ती इतकी मोठी होती की खालच्या मजल्यावरच्या आजीने मान बाहेर काढून वर पाहिलं. खिडकीत बाई साडीचे काठ ओढून सरळ करत होत्या, आणि सर दातांत चिमटे धरून मागे उभे होते. "हात लावायचा नाही," बाई बजावत होत्या, "फक्त चिमटे द्या." सर हनुवटी पुढे करत होते आणि बाई त्यांच्या दातांतून एकेक चिमटा काढून घेत होत्या.

खाली दामले फोन कानाला लावून तसेच उभे. आजीबरोबर आणखी दोघी खिडक्यांत आल्या होत्या. सरांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, मग माझ्याकडे वळले आणि शेवटचा चिमटा तोंडातून काढून ओरडले,

"बघतेस काय, शेजारीण? हस की!"